जोनासच्या छपरावरची वीज

लग्न ठरवताना बापाला शंभर गोष्टी दिसत नाहीत आणि ठरल्यावर एकच दिसते, हे तुम्हांआम्हांला ठाऊक आहेच. कोल्डवेल गावच्या झेबुलन पार्कला दिसली ती वीज.

त्याची मुलगी सायलेन्स आणि लाकडी पिंपं बनवणारा जोनास व्हिटलो यांच्या लग्नाची घोषणा प्रार्थनाघरात दोन शब्बाथांना, म्हणजे विश्रांती-प्रार्थनेच्या रविवारी, झाली होती. तिसरी उद्या. तिसऱ्यांदाही कुणी आडवं आलं नाही की लग्न पक्कं. आणि नेमकी आठवड्याच्या मध्यावर जोनासच्या कामाच्या खोपटाच्या छपरावर वीज पडली आणि ते जळून गेलं. आजूबाजूची घरं सोडून बरोबर तिथेच!

झेबुलनचा हिशेब चोख असे. दुसऱ्याची गाय मेली की ती देवाची शिक्षा. आपली मेली की देवाने घेतलेली परीक्षा. या दोन रकान्यांत त्याची आजवर कधी गफलत झाली नव्हती. सगळं गाव हेच पाढे म्हणत मोठं झालेलं, त्यामुळे त्याला चूक तरी कोण म्हणणार?

शनिवारी सूर्य कलला. शब्बाथ आदल्या सूर्यास्तालाच लागायचा, आणि तो लागला की चुलीला हात लावायचा नाही, म्हणून त्याची बायको मेहिटेबल उद्याच्या घेवड्याचं मडकं घाईघाईने निखाऱ्यांवर ठेवत होती.

"उद्या मी उभा राहणार," झेबुलन म्हणाला. "संमती काढून घेणार."

"का हो?"

"देवाने बोट दाखवलंय. त्या पोराच्या पोटात काहीतरी पाप आहे."

"कोणतं?"

"ते निघेल. वाटेत चार माणसं भेटली. शेजारच्या डॉर्कसबाई म्हणाल्या, तो उपदेशात डुलक्या घेतो. कुणीतरी त्याला शब्बाथला शीळ घालताना ऐकलंय."

"डुलक्यांनी छपरं जळायची तर गावात एक छप्पर उरायचं नाही. तुमचं तर पहिलं जाईल!"

"थट्टा पुरे. शब्बाथ लागतोय."

"अहो, आधी पाप सापडतं, मग शिक्षा होते. तुम्ही शिक्षा हातात घेऊन तिच्या मापाचं पाप शोधत हिंडताय. उद्या तुम्ही उठलात की गाव ते पुरवेल. मग त्या पोराला दारात कोण उभं करील? आणि आपल्या पोरीला कोण पत्करील?"

"म्हणून मी देवाच्या विरुद्ध जाऊ?"

मेहिटेबल हात पुसत त्याच्यासमोर बसली. "एक विचारू? घटसर्पाच्या साथीत आपली तीन लेकरं एका आठवड्यात गेली. ते काय होतं?"

"ती परीक्षा होती," तो चटकन म्हणाला.

"गाव तसं म्हणत नव्हतं."

"म्हणजे?"

"तिसऱ्याला पुरलं, त्या संध्याकाळी डॉर्कसबाई दारात आल्या. अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, 'आठवून बघ मेहिटेबल, काय केलंस तू?' मी आठवत बसले. शेवटी सापडलं. मी लेकरांवर देवापेक्षा जास्त माया केली होती, म्हणून त्याने ती नेली. सायलेन्स तेव्हा पाळण्यात होती. ती तरी वाचायला हवी होती ना! त्या दिवसापासून मी तिचा मुका घेतला नाही. एकदासुद्धा नाही."

अरे देवा! इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि आपली बायको कशी कडक शिस्तीची आहे, हे झेबुलन लोकांना कौतुकाने सांगत आला होता!

सकाळी प्रार्थनेला बोलावणारा ढोल वाजला. पुरुष एका बाजूला बसले, बायका दुसऱ्या बाजूला. पाळकाने तिसरी घोषणा वाचली आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

सगळ्या माना झेबुलनकडे वळल्या. त्या चार माणसांनी चाळिसांना सांगितलं होतं. जोनास आग विझवताना भाजलेले हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत होता. सायलेन्सच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

झेबुलन उठला.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला. "वीज म्हणजे देवाचं बोट, असं मी सांगत फिरलो. ते बोट माझं होतं! माझी मुलं गेली तेव्हा मी परीक्षा म्हणालो. या पोराचं छप्पर गेलं तर शिक्षा म्हणायचा हक्क मला कुणी दिला? जोनास, मला क्षमा कर."

पाळक हळूच म्हणाला, "मग ती वीज कुणाच्या पापासाठी पडली, बंधू पार्क?"

"मला माहीत नाही."

हे वाक्य त्या भिंतींनी आजवर ऐकलं नव्हतं. मग एकेक नजर जोनासवरून उठली आणि झेबुलनवर येऊन बसली, माशी बसते तशी. ती नजर किती जड असते, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

परतताना त्यांच्याबरोबर जोनासखेरीज कुणी चाललं नाही. मागून डॉर्कसबाईंचा मऊ आवाज आला, "आता पार्कच्या गोठ्यावर काय कोसळतं, लक्ष ठेवा हं."

मेहिटेबल थांबली. भर रस्त्यात, शब्बाथच्या दिवशी, तिने सायलेन्सचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिचा मुका घेतला.

"आई, लोक बघताहेत!" पोरगी घाबरून म्हणाली.

"बघू देत."

झेबुलन इकडेतिकडे न बघता त्या दोघींशेजारी उभा राहिला.

लग्न तिथल्या रीतीप्रमाणे पाळकाऐवजी न्यायाधिकाऱ्यापुढे झालं. बोलावलेल्यांपैकी निम्मेच आले.

वाचकहो, शेजाऱ्यावर संकट आलं की आपल्याही जिभेवर तोच प्रश्न येतो: याने काय केलं असेल? तो गिळून टाका आणि पाण्याची बादली उचला. कारण जे गाव प्रत्येक संकटासाठी एक माणूस शोधतं, त्या गावाला माणूस कधी कमी पडत नाही.