दळण थांबवून पाहिलेली नाडी

माझ्या नवऱ्याला गेल्या चार वर्षांत बत्तीस वेळा हार्ट अटॅक आलेला नाही. प्रत्येक वेळी वसमतच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, प्रत्येक वेळी "सगळं बराबर आहे" म्हणून सांगितलं, आणि प्रत्येक वेळी हे तोंड पाडून कुरुंद्याला परत आले.

आमची पिठाची गिरणी आहे. ती चालू असली की फरशी हादरते, अन् ह्यांना कळत नाही की धडधड मोटारीची की छातीतली. मग हे गिरणीच बंद करतात. रांगेतल्या बायका मुकाट डबे टेकवतात. एखादी नवी सून विचारते, "लाईट गेली का?" तर गोजरबाई सांगते, "न्हाई बाई. बंडूभाऊ जिवंत हायेत का ते पाहून राहिले."

नाडी पाहायचं काम आमच्या आकांक्षाचं. नववीपासून तिनंच धरलेलं. तीन बोटं बापाच्या मनगटावर, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. "अठ्ठ्याहत्तर, बाबा." की हे बटण दाबतात आणि राहिलेली ज्वारी दळायला घेतात. डॉक्टरच्या मशीनवर ह्यांचा भरवसा नाही, पोरीच्या बोटांवर आहे. मी त्या भानगडीत कधी पडले नाही. असल्या लाडांनी रोग वाढतो, असं माझं मत.

यंदा आकांक्षाचा लातूरला नर्सिंगला नंबर लागला. पोरगी म्हणाली, "मी न्हाई जात. बाबाला कोण पाहील?"

माझं डोकंच फिरलं. जगाच्या नाड्या पाहायला निघालेली पोरगी एका नाडीपायी घरात बसणार!

"मी पाहीन," मी म्हणाले.

"तुला येते का, आई?"

"त्यात काय यायचंय? भाकर थापता येते, नाडी धरता येणार न्हाई?"

हे मान खाली घालून बसले होते. तसेच म्हणाले, "व्हय. तुझी आई पाहील." आवाज असा, की जणू सरणाची लाकडं मोजून घेत आहेत.

सोमवारी तिला एसटीत बसवलं. तिनं खिडकीतून हात काढून ह्यांचं मनगट धरायला पाहिलं. ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मला काय झालं न्हाई. तू नीट बस."

ह्यांच्या कपाळावर घाम होता. पोरीला दिसला असणार, पण गाडी हलली. चार वर्षांत पहिल्यांदा मला ह्या माणसाचा अभिमान वाटला. मी बोलून मात्र दाखवलं नाही, कौतुक केलं की डोक्यावर बसतात.

घरी येऊन गिरणी सुरू केली. अर्धा डबा दळला अन् बंद. बायका थांबल्या. ह्यांनी माझ्यापुढं हात केला.

मी मनगटावर अंगठा दाबला, घड्याळाकडं पाहिलं आणि मोजायला लागले. ठोके उधळलेल्या बैलासारखे पळत होते. खोटं सांगावं असं मनात आलं, पण मला ते जमत नाही.

"एकशे सोळा," मी म्हणाले.

गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता हा माणूस इथंच पिठात आडवा होतो.

हे आडवे झाले नाहीत. माझ्या हाताकडं पाहत म्हणाले, "अंगठ्यानं न्हाई मोजायचं. अंगठ्याला आपलीच नाडी लागते. हे ठोके तुझे हायेत."

मी हात ओढायला गेले, ह्यांनी सोडला नाही. आपली तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

"पोचली की फोन करते म्हणली ना ती?"

"व्हय."

"मग उगी राहा. मोजू दे."

मागं कोणीतरी विचारलं, "लाईट गेली का?"

"न्हाई," गोजरबाई म्हणाली. "डबा खाली ठेव. आज नाडी दोघायची हाय."