हिरोनं उचललेला भंडारा

पाण्याच्या पंपाची जाहिरात करायला एवढा मोठा हिरो टेंभुर्णीच्या माळावर येणार म्हटल्यावर अख्खं गाव हरखलं. हरखला नाही तो एकटा त्रिंबक. गेल्या साली मेंढरं घेऊन तो बदनापूरकडं उतरला होता. तिथं भर रस्त्यात हिरोच्या गाडीनं त्रिंबकच्या तिथल्या मित्राचा, भिवाचा पोरगा राजानंद सायकलसकट उडवला, आणि स्टेअरिंगवरून उतरला तो हिरोच. पोलिसांपुढं मात्र ड्रायव्हर उभा राहिला. राजानंद गेला. आता खटला उभा होता, आणि डोळ्यांनी पाहणारा त्रिंबक सोडून दुसरा कोणी नव्हता.

भिवानं त्याला आधीच बजावलं होतं.

"ज्याच्या घरी पैसा ठिवाया जागा न्हाई, त्यो पंप इकून काय कमावनार? त्यो सोताला इकाया येऊन राह्यला. माझ्या पोराचं रगत धुवाया. तू तिकडं फिरकू नको."

पण ऐकावे जनाचे, करावे मनाचे. हिरोचा मॅनेजर त्रिंबकच्या दारात आला, जाहिरातीसाठी मेंढरं हवीत म्हणाला. त्रिंबकनं अट घातली. मेंढरं नेतो, पण हिरोनं आधी बिरोबापुढं भंडारा उचलून सांगायचं, गाडी कोण चालवत होतं. त्याच्या भावकीत ती हळद तळहातावर घेऊन आजवर कोणी खोटं बोललं नव्हतं. मेंढरू चोरणारे भलेभले भंडाऱ्यापुढं थरथर कापत खरं ओकायचे. हिरो काय त्यांच्याहून वेगळ्या मातीचा? मॅनेजर तिथल्या तिथं हो म्हणाला. तेवढ्यावरून तरी त्रिंबकनं सावध व्हायला हवं होतं, पण त्या भोळ्याला वाटलं, मासा गळाला लागला.

हिरो खांद्यावर घोंगडी टाकून आला. बिरोबापुढं गुडघे टेकले, भंडारा उचलला. कॅमेऱ्याकडं ढुंकूनही न बघता त्यानं त्रिंबकच्या डोळ्यांत डोळे घातले, आणि त्याचे डोळे भरून आले.

"बाबा, गाडी मी चालवत नव्हतो."

हाताला कंप नाही, तोंडाला कोरड नाही. बायांनी डोळ्यांना पदर लावले. आता काहीतरी होईल म्हणून त्रिंबक श्वास रोखून बघत राहिला. काहीच झालं नाही. मॅनेजरनं सगळ्यांना जेवायला बोलावलं.

दोन दिवसांत ती चित्रफीत फोनाफोनावर फिरली, खाली पंपाचं नाव. लोक हिरोला देवमाणूस म्हणू लागले. आणि भावकीचा हिशोब सरळ होता. खोटी आण घेणाऱ्याचं वाटोळं होतं. हिरोचं तर भलंच होत होतं, मग खोटं कोण? त्यातच त्रिंबकच्या दोन मेंढ्या पोट फुगून मेल्या. भावकीतल्या थोरल्या कडूबानं त्याच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता त्यानं, आणि ओरडायलाही तोंड नव्हतं.

एकदा भाकरी वाढता वाढता साखराबाईनं नवऱ्याला विचारलं, "दिस बुडत आल्ता म्हनं. तुमाला बराबर दिसलं व्हतं का?"

त्रिंबक तिच्यावर खेकसला. भाकरी अर्धी टाकून उठला. त्या दिवसापासून डोळे मिटले की त्याला रस्ता दिसायचा, गाडी दिसायची, चाकाखालची सायकल दिसायची. गाडीतून उतरणारा माणूस मात्र दर वेळी थोडा पुसट व्हायचा, आणि त्याच्या जागी भंडारा धरून रडणारा चेहरा यायचा. त्रिंबकला आता डोळे मिटायचीच भीती वाटू लागली.

साक्षीच्या दिवशी भिवा सकाळीच आला, धुतलेला पांढरा सदरा घालून. चल म्हणाला. त्रिंबक उंबऱ्यातून उठला नाही.

"भिवा, त्योच व्हता का, मला आता आठवत न्हाई."

भिवानं त्याच्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं. मित्र भ्याला असता, तर त्यानं हाताला धरून नेलं असतं. पण त्रिंबक भ्यालेला नव्हता, आणि खोटंही बोलत नव्हता. ते कळलं तसा भिवा मटकन खाली बसला.