कप्तान, दिवाण आणि चार बोटं हळद

पारडीच्या रुपरावानं एका दिवसात दोन कायदे मोडले, असं गावात पुढे बरीच वर्षं सांगत. एक सरकारचा आणि एक भागीरथाबाईचा. सरकारचा कायदा त्यानं खरं म्हणजे मोडला नव्हता. बायकोचा मात्र मोडला होता, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले खांदे गरम पाण्यानं धुवायचे, पळसाच्या पानांनी शेकायचे, त्यांना लोणी-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." त्या घटकेपासून बैल हा बैल राहत नाही, तो घरचा पाहुणा होतो. आणि पाहुण्याच्या मानेवर कोणी जू ठेवत नाही.

हे काम संध्याकाळचं. पण भागीरथाबाईला संध्याकाळी करंज्या तळायच्या होत्या, म्हणून तिनं सकाळीच कप्तान आणि दिवाण या दोघांचे खांदे मळले, चांगली चार-चार बोटं हळद थापली आणि आवतण देऊन मोकळी झाली. मग रुपरावानं माळ्यावरून बैलांची झूल काढली. झुलीत उंदरांनी संसार थाटला होता. झूल कमी आणि भोकं जास्त.

"आता वं?" रुपराव म्हणाला.

"आता काय? जा पायी इतवारीले अन् नवी घेऊन या."

"पायी? दोन कोस? अन् सरकीच्या ढेपीचं पोतं काय डोक्यावर आणू?"

"डोक्यावर आणा नाही तं कडेवर आणा. खांद मळल्यावर जू ठेवाचं नाही. सांगून ठेवते."

रुपरावानं मान डोलावली. भागीरथाबाई विहिरीवर गेली तशी त्यानं कप्तान आणि दिवाणाच्या गळ्यात हात घालून हळूच म्हटलं, "एकच खेप गा. तिले सांगू नका." आणि गाडी जुंपली. दिवाण जरा मान झटकत होता. पण तो दोन वर्षं रोजच मान झटकत असे, त्यामुळे रुपरावाला त्यात नवीन काही वाटलं नाही.

शहरातल्या इतवारी बाजारात भैयाजींच्या कापड दुकानासमोर गाडी उभी राहिली. रुपरावानं दोन लाल झुली घेतल्या, शिंगांसाठी बेगड घेतली, शेजारून ढेपीचं पोतं घेऊन गाडीत टाकलं. आता परत फिरायचं, एवढ्यात शिट्टी वाजली.

शिट्टीच्या मागे एक खाकी कोट होता, आणि कोटात केशवराव नावाचे चोवीस वर्षांचे इन्स्पेक्टर होते. शहरात जनावरांवर दया करणारी एक मंडळी निघाली होती. सरकारच्या अठराशे नव्वद सालच्या कायद्याप्रमाणे मुक्या जनावरांना कोणी छळू नये, हे पाहण्यासाठी मंडळीनं आठ दिवसांपूर्वी केशवरावांना नेमलं होतं. केशवराव मनाचे चांगले. कायदा तोंडपाठ. फक्त शहरात सीताबर्डीवर पुस्तकांत वाढल्यामुळे त्यांनी आजपर्यंत बैलाला हात लावला नव्हता. खरं सांगायचं तर त्यांना बैलाची भीती वाटत असे.

"तुतारी दाखवा," ते म्हणाले.

रुपरावानं बैल हाकायची काठी पुढे केली. तिच्या टोकाला लोखंडी आर नव्हती.

"आर लावतच नाही जी. दिवाणाले टोचलं तं तो रुसून बसते. मंग त्याले मनवाले अर्धा दिवस जाते."

केशवरावांनी वहीत लिहिलं, 'काठी निर्दोष.' मग त्यांची नजर बैलांच्या खांद्यावर गेली. पिवळं, ओलसर, चकाकणारं काहीतरी तिथे होतं. त्यावर माशा बसल्या होत्या. उन्हानं लोणी वितळून एक पिवळा ओघळ पायाकडे निघाला होता.

"अरे देवा! केवढी ही जखम! आणि दोघांनाही!"

"जखम नाही जी साहेब, हळद आहे."

"हळद?" केशवराव कडवट हसले. "हळद कशावर लावतात?"

"खांद्यावर."

"तसं नाही. तुमचं बोट कापलं तर तुम्ही त्यावर काय लावता?"

"हळद."

"मग झालं तर! हळद आहे, म्हणजे जखम आहे."

रुपरावाला कुठेतरी चुकतंय हे कळत होतं, पण कुठे ते सापडत नव्हतं.

"नसेल जखम तर हळद पुसून दाखवा," केशवराव म्हणाले.

"पोळ्याच्या आधी पुसत नाही जी. अपशकुन होते. तुमीच पाहा ना बोट लावून."

दिवाणानं त्याच वेळी नेमकं फुर्रर्र केलं. केशवराव तीन पावलं मागे सरकले. "मी... मी इथूनच मापतो," असं म्हणून त्यांनी खिशातली टेप हवेत धरली, एक डोळा मिटला आणि लिहिलं, 'चार इंच बाय तीन इंच. पिवळी. वाहती.'

मग त्यांनी हुकूम सोडला. दोन्ही बैल मंडळीच्या दवाखान्यात जमा. डॉक्टर तपासतील तेव्हा सुटतील. डॉक्टर सणासाठी गावी गेलेले, ते परवा येतील.

आता मात्र रुपराव हादरला. "परवा? अवो साहेब, उद्या पोळा आहे!"

"तुम्ही पोळा करा. बैल इथे राहतील."

"बैलाशिवाय पोळा कसा करू जी? तोरणाखाली मी एकटा उभा राहू काय? अन् त्यायले आवतण देऊन झालं आहे! जेवाले बोलावलं अन् कोंडून उपाशी ठेवलं, असं कोनी करते काय पाहुण्याशी?"

"त्यांना आवतण दिलंय?" केशवरावांनी विचारलं. "आणि तरी गाडीला जुंपलंय?"

या प्रश्नावर रुपरावाची मान खाली गेली. तीच बोच सकाळपासून त्याच्या मनात होती. त्याची खाली गेलेली मान पाहून केशवरावांची खात्री पटली, की हा गुन्हेगारच.

"सोडा बैल! अधू जनावरानं आता एक पाऊलही गाडी ओढायची नाही."

बैल सुटले. गाडी मात्र इतवारीच्या गल्लीत मधोमध उभी राहिली. मागे धान्याच्या सात गाड्या अडल्या, पुढून भांड्यांची हातगाडी आली, आणि पोळ्याच्या बाजाराची सगळी गर्दी त्या गाडीभोवती तुंबली.

"गाडी हटवा ना गा!" भैयाजी दुकानातून ओरडले. "माह्या दुकानात माणूस शिरून नाही राहिला!"

"बैल नाहीत," केशवराव म्हणाले.

"मंग काय गाडीनं आपल्या पायानं चालाचं काय? कायदा तुमचा, तं गाडी बी तुमीच ओढा!"

गर्दी खो खो हसली. केशवरावांचे कान लाल झाले. पण माणूस तत्त्वाचा. त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "ओढतो! मुक्या जीवासाठी ओढतो!" आणि ते वाकून जुवाखाली शिरले, दिवाणाच्या बाजूनं. आता रुपरावाला काय, दुसऱ्या बाजूनं शिरावंच लागलं. कप्तान आणि दिवाण गाडीच्या मागे बांधले गेले.

अशी ती वरात दवाखान्याकडे, भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली. पुढे दोन माणसं, मध्ये ढेपीचं पोतं, मागे दोन धष्टपुष्ट बैल. बैलांना जन्मात पहिल्यांदा गाडीची मागची बाजू दिसत होती, आणि ती त्यांना आवडली. कारण तिथे ढेप होती. कप्तानानं पोत्याला भोक पाडलं आणि चालता चालता जेवण सुरू केलं.

चढ आला तसं रुपरावाच्या तोंडून सवयीनं निघालं, "हैक! हैक! हो हो हो, दिवाण!"

केशवराव चक्क पळायला लागले. दहा पावलांनंतर त्यांच्या लक्षात आलं. "तुम्ही मला हाकताय?"

"माफी असावी जी. तोंडची सवय. पण साहेब, चाल चांगली आहे तुमची."

दवाखाना आला. दाराला कुलूप. कुलपाखाली चिठ्ठी, 'पोळ्यानिमित्त बंद.' केशवरावांनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. त्यांच्या मंडळीचा दवाखाना, त्यांच्याच मंडळीनं बंद केलेला.

"आता जी?" रुपरावानं विचारलं.

केशवरावांनी नियम आठवला. जागा नसेल तर जनावर मालकाच्या घरी, पण इन्स्पेक्टरच्या नजरेखाली. "तुमचं घर किती लांब आहे?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"कोसभर. पण साहेब, आता जुपू काय त्यायले? दोघंबी मस्त आहेत."

"एक पाऊलही नाही!" केशवराव म्हणाले आणि पुन्हा जुवाखाली शिरले. शिरताना ते मान झटकत होते.

पारडीत पोचेपर्यंत दिवस कलला होता. भागीरथाबाई हातात झारा घेऊन अंगणात आली आणि जागीच थांबली. तिनं आधी जुवाखालच्या दोघांकडे पाहिलं, मग मागच्या दोघांकडे. मागच्या दोघांनी ढेकर दिला.

"हे काय वं बाई! म्या नाही म्हटलं तरी जुपलेच ना बैल?"

"बैल कुठं जुपले वं?" रुपराव धापा टाकत म्हणाला. "दिसून नाही राहिलं काय, कोन जुपलं आहे ते?"

"जातानी कोन होतं जुवाखाली?"

तिनं झारा त्याच्याकडे रोखला. "उद्या तुमी सगळ्यायच्या मागून जेवाल. बैलं जेवल्यावर. हे पाव्हणे जेवल्यावर. कुत्रं जेवल्यावर." आणि मग केशवरावांकडे वळून एकदम मऊ आवाजात म्हणाली, "बसा जी दादा. कोट काढा. अगं माय, खांदा पाहा याचा!"

खांद्याचं सालटं निघालं होतं. केशवराव ओट्यावर टेकले. भागीरथाबाईनं दुसरं काही विचारलं नाही. थकलेला खांदा दिसला की काय करायचं, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. तिनं गरम पाणी आणलं, खांदा धुतला, पळसाच्या पानांनी शेकला, लोणी-हळद चोळली. चांगली चार बोटं. आणि हात पुसता पुसता सवयीनं त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

केशवरावांनी आपल्या खांद्याकडे पाहिलं. पिवळं, ओलसर, चकाकणारं. एक माशी आली आणि ऐटीत बसली. एक ओघळ कोपराकडे निघाला.

त्यांनी खिशातून टेप काढली आणि मापलं. चार इंच बाय तीन इंच.

मग भागीरथाबाईनं त्यांचा हात धरला, त्यांना उठवलं आणि गोठ्याशी नेऊन तो हात सरळ कप्तानाच्या खांद्यावर ठेवला. केशवरावांनी डोळे घट्ट मिटले होते. हळदीखाली कातडी मऊ आणि धडधाकट होती. त्यांनी डोळे उघडले. कप्तान रवंथ करत होता. त्याला या साहेबाचं काही विशेष वाटलं नव्हतं.

मग त्यांनी आपणहून दिवाणाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांची बोटं थबकली.

"इथे गाठ लागतेय," ते म्हणाले. "घट्टा पडलाय. मला लागलंय ना, अगदी त्याच जागी."

रुपराव कंदील घेऊन आला. त्यानं दिवाणाचा खांदा चाचपला, केशवरावांचा खांदा पाहिला आणि जाऊन जुवाच्या त्या बाजूवरून हात फिरवला. लाकडात एक बारीक गाठ वर आली होती. तो तिथेच खाली बसला.

"दोन वर्षं मान झटकून राहिला गा तो," तो हळूच म्हणाला. "अन् मी म्हणत होतो, नखरेल आहे."

त्यानं वासला आणला आणि गाठ तासायला बसला. तासून झाल्यावर हात फिरवून पाहिला, मग स्वतः जुवाखाली शिरून खांदा टेकवून पाहिला, आणि पुन्हा तासलं.

केशवरावांनी वही उघडली. रुपरावाचा वासला थांबला. बैल राहणार की जाणार, ते आता त्या वहीत होतं.

"काय करून राहिले जी?" भागीरथाबाईनं विचारलं.

"रिपोर्ट लिहायला हवा. जखम नाही, पण घट्टा आहे. नियमानं डॉक्टरांनी..."

"खांद मळला ना तुमचा?"

"हो."

"आवतण घेतलं ना?"

"घेतलं."

"मंग पोळा होईतो काम बंद. हा बी कायदाच आहे, अन् सरकारच्या आधीचा आहे." तिनं वही काढून घेतली आणि करंज्यांच्या डब्याखाली ठेवली. केशवरावांनी वहीकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. दिवसभरात त्यांनी काही खाल्लं नव्हतं.

"नजरेखाली तर ठेवायलाच हवेत," ते विचार करून म्हणाले. "म्हणजे मला उद्या इथंच राहावं लागेल."

दुसऱ्या दिवशी पारडीच्या तोरणाखाली लाल झुली घातलेले कप्तान आणि दिवाण उभे राहिले. त्यांच्यामध्ये, एक हात दिवाणाच्या पाठीवर ठेवून, केशवराव उभे होते. पोळ्यात झडत्या, म्हणजे चेष्टेची यमकं, म्हणायची रीत आहे, आणि गावकऱ्यांनी नवी झडती रात्रीतूनच रचली होती.

"इतवारीहून आली गाडी, गाडीले बैल नाही,
साहेब जुपला जुवाले, साहेबाले शेपूट नाही!"

"हर हर महादेव!" सगळं गाव ओरडलं. सगळ्यांत मोठ्यानं केशवराव ओरडले.

घरी भागीरथाबाईनं बैलांचे पाय धुतले आणि सुपातून पुरणपोळ्या भरवल्या. मग केशवराव जेवले. मग कुत्रं जेवलं. रुपराव ओट्यावर बसून वाट पाहत होता.

"झालं काय वं?" त्यानं आत डोकावून विचारलं.

"थांबा जरा," भागीरथाबाई म्हणाली. "दिवाण अजून एक मागून राहिला."