आगाऊ सह्या

वॉर्डात दोन नर्स कमी होत्या. वेळ वाचावा म्हणून थोरल्या नर्सने सगळ्या औषधांच्या तक्त्यांवर ‘दिलं’ म्हणून आधीच सह्या ठोकल्या आणि मग ती इंजेक्शनं देत सुटली. मधेच फोन, मधेच कुणाचे नातेवाईक. बाराव्या खाटेपाशी ती थबकली. सही तर होती. पण इन्सुलिन दिलं होतं का?

“आजोबा, मी मघाशी सुई टोचली का हो?”

“डोळा लागला होता गं. पण तू कुठली चुकतेस!”

तिने तक्ता उचलून सही पुन्हा पाहिली. तेवढ्यात मेट्रन आल्या.

“तू खमकी आहेस म्हणून निभतंय बाई. संध्याकाळचीही पाळी काढशील ना?”

एरवी ती हसून मान डोलवायची.

“नाही मॅडम. डॉक्टरांना बोलवा. यांना इन्सुलिन दिलं की नाही, मला आठवत नाहीये. आणि यांची साखर दुसऱ्या कुणाला तरी तपासू द्या.”