गळती ऐकणारे कान

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या नळाशेजारी खिळ्याला टांगलेला हा काळा, जुना हेडफोन म्हणजे मी. माझ्या गाद्यांची सालपटं निघाली आहेत आणि वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे. हेडफोन नळाजवळ कशाला टांगलाय, असं घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. घरातली दोघं विषय बदलतात. मी मात्र सांगणार आहे, कारण खरं ते कानावर घालणं हेच माझं काम आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या शेवटी बसलेली तपासनीस बाई प्रत्येक हेडफोन कानाला लावून एकच ध्वनिमुद्रण ऐकायची. त्यात कुणीतरी आकडे वाचत असे आणि मागे एक खुर्ची सरकत असे. आकडे आकड्यांसारखे आणि खुर्ची खुर्चीसारखी ऐकू आली, तरच ती हेडफोन पुढे सरकवायची. आवाज फुगवायचा नाही, त्याला धार लावायची नाही, जसा आला तसा पोचवायचा, एवढंच मला शिकवलं होतं.

दुकानात या शिकवणीचा फारसा उपयोग झाला नाही. माझ्या एका बाजूला छातीत धडधड उठवणारे हेडफोन होते, दुसऱ्या बाजूला चंदेरी कडांचे चकचकीत. गिऱ्हाईक मला दहा सेकंद लावायचं आणि ‘यात दम नाही’ म्हणून परत टांगायचं. असे सात महिने गेले. शेवटी दुकानाच्या मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे ताई म्हणत, मला दुरुस्तीच्या टेबलावर घेतलं. दुरुस्त झालेला रेडिओ त्या माझ्यातून तपासायच्या. हा स्वस्तातला असला तरी खोटं बोलत नाही, असं त्या एकदा कुणाला तरी म्हणाल्या. मित्रांनो, माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच.

एका दुपारी पाणीखात्याचा एक कामगार दुकानात आला. वय बावन्न. खात्यात त्याला कानसेन म्हणत. त्याचं काम गळती शोधण्याचं. रस्त्याखाली फुटलेल्या पाइपातून दाबानं पाणी सुटलं की बारीक, अखंड सुस्कारा होतो. जमिनीवर मायक्रोफोन टेकवून, यंत्राला जोडलेल्या हेडफोनमधून तो सुस्कारा ऐकायचा आणि जिथं तो सगळ्यात मोठा, तिथं खडूनं फुली मारायची. मग त्या फुलीवर खड्डा होतो. चौदा वर्षं त्याच्या फुल्यांवर पाणी लागत आलं होतं.

खात्याचा हेडफोन तुटला होता आणि नवीन येत्या वर्षी मिळेल असं भांडारानं सांगितलं होतं. म्हणून तो स्वतःच्या खिशातून घेत होता आणि खिसा बेताचाच होता. त्याला आवाज अगदी नैसर्गिक हवा होता. त्यानं ताईंना दुकानामागचा नळ बारीक सोडायला लावला, मायक्रोफोन नळाला लावला आणि एकामागून एक हेडफोन ऐकले. मीही त्याच्या कानांवर बसलो. नळाचा सुईसारखा बारीक आवाज माझ्यातून स्वच्छ जात होता. त्यानं मला काढून ठेवलं. यात कापूस कोंबलाय, म्हणाला. मग चंदेरी कडांचा लावला आणि त्याचा चेहरा उजळला. हाच खरा आवाज, कित्येक वर्षांनी ऐकला, असं म्हणत तो चंदेरी घेऊन गेला.

सोळा दिवसांनी तो परत आला. दाढी वाढलेली, बुटांना ओली माती नाही, कोरडी.

एका लांब गल्लीत पाणी पोचत नव्हतं. त्यानं फुली मारली, खड्डा झाला, कोरडा निघाला. दुसरी फुली, दुसरा खड्डा, तोही कोरडा. लोक रिकाम्या कळश्या घेऊन खड्ड्याभोवती उभे राहिले आणि त्याला बघत राहिले. साहेबांनी बजावलं होतं, तिसरा कोरडा गेला तर ऐकणाऱ्यांच्या यादीतून नाव काढीन. तिसरी फुली दुसऱ्या दिवशी दुपारी मारायची होती. त्याच्या मते चंदेरी हेडफोन बिघडला होता, कारण त्यातून सगळ्या रस्त्यावर गळतीच ऐकू येत होती.

ताईंनी चंदेरी हेडफोन लावला आणि लगेच ओढून काढला.

“काका, हा तर कान फाडतोय. यंत्राची स्वतःची खरखर आहे ना, तीच मोठी करून वाजवतोय.”

“खरखर? मला तर छान वाटतो.”

ताईंनी मला त्याच्या डोक्यावर चढवलं, मायक्रोफोन मागच्या नळाला टेकवला, नळ सोडला आणि नुसत्या भुवया उंचावल्या. तो म्हणाला, “कापूस.” त्यांनी मला स्वतःच्या कानांना लावून पाहिलं, परत त्याच्या कानांना लावलं. त्यांच्या कानांवर असताना माझ्यातून जे जात होतं, तेच त्याच्या कानांवरही जात होतं. ते पुढे कुठे अडत होतं, हे मला कळत होतं. मला तोंड नव्हतं.

“काका,” ताई हळू म्हणाल्या, “कापूस हेडफोनमध्ये नाहीये.”

तो खुर्चीवर बसला. पहिली अकरा वर्षं त्यानं रस्ता फोडायचं यंत्र चालवलं होतं, कानांवर काहीही न घालता. पुढची चौदा वर्षं ऐकायच्या यंत्राचा आवाज दरवर्षी थोडा थोडा वाढवत नेला होता आणि दोष जुन्या हेडफोनला दिला होता. हे सगळं त्यानं ताईंना सांगितलं नाही. स्वतःच्या हातांकडे बघत पुटपुटला, तेवढं मी ऐकलं. मग त्यानं चंदेरी टेबलावर ठेवला आणि मला मागितलं. ताईंनी वर काहीही घेतलं नाही.

संध्याकाळी घरी त्यानं बायकोला काही न सांगता मला तिच्या कानांना लावलं, यंत्राचा मायक्रोफोन नळाला टेकवला आणि नळ सोडला. काय ऐकू येतंय, विचारलं. ती म्हणाली, कुणीतरी दातांतून श्वास सोडतंय तसं. त्यानं तिला तीनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज फाटला.

“मला ठाऊक आहे हो,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. कुकरची शिट्टी तुम्हाला मी सांगते तेव्हा कळते.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते. तुम्हाला ऐकू आलं नसेल.”

दोघंही हसली. हसता हसता तो भिंतीला टेकला. यादीतून नाव गेलं तर बावन्नाव्या वर्षी कोण काम देणार, हे त्या भिंतीलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्याबरोबर गल्लीत आली. साहेबांनी विचारलं, या बाई कोण? मी त्याच्या हातात होतो. प्रकृती बरी नाही, सोबत आल्यात, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यानं वर पाहिलं. दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं होती आणि त्यांच्या पायांशी कळश्या.

“साहेब, मला ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “बारीक आवाज गेलेत. ही ऐकेल, फुली मी मारीन. चुकली तर माझी.”

कुणीतरी हसलं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. चावीवाल्यानं पाइपात पाणी सोडलं.

मला कानांना लावून ती पावलागणिक थांबत होती आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. एका फाटकापाशी तिनं हात वर केला. त्यानं तोंड तिच्या जवळ नेऊन विचारलं, थांबून थांबून येतोय का? तसा असेल तर तो कुणाच्या घरचा पंप. तिनं नकारार्थी मान हलवली, सलग आहे. एक पाऊल पुढे? कमी झाला. मागे? तिथेही कमी. तिला ऐकू येत होतं, पण काय ऐकायचं ते त्यालाच माहीत होतं. मी दोघांच्या मधे होतो आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतक्या नेटानं काम कधी केलं नाही.

त्यानं फुली मारली. हातभर माती निघाली, कोरडी. दोन हात निघाली, कोरडी. कुणीतरी कळशी उचलून घरात गेलं. तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता, डोळे मिटून. तिसऱ्या हाताला पहार चिखलात रुतली.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या शेवटच्या घरातही पाणी आलं. आठवड्याभरात त्याच्या कानांची तपासणी झाली आणि यादीतून नाव गेलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पंपघरावर काम देऊ केलं. बायको म्हणाली, “जा, उरलेले कानही तिथंच ठेवून या.” तो गेला नाही. सध्या तो घरीच असतो आणि तिचं शिवणयंत्र दिवसभर चालतं.

रोज संध्याकाळी तो मोबाइल नळाला टेकवतो, मला त्याला जोडतो आणि कानांना लावतो. ती नळ बारीक सोडते आणि विचारते, “येतोय?” तो नकारार्थी मान हलवतो. काल तिनं विचारलं आणि तो एकदम म्हणाला, “येतोय. आज येतोय.” मित्रांनो, नळ बंद होता. तिचा हात अजून चावीवर पोचलाही नव्हता.

“हो ना,” ती म्हणाली आणि मग तिनं नळ सोडला.

हेडफोन घ्यायला गेलात तर रोजच्या ओळखीचा आवाज लावून बघा, आईचा, दाराच्या कडीचा, नळाचा. एकट्यानं ठरवू नका, शेजारच्याच्या कानांनाही लावून विचारा. आवाज वाढवण्याचा मोह झाला तर थांबा आणि आधी दोष कुणाचा ते बघा. आमची काळजी घ्या, पण आमच्याआधी स्वतःची घ्या. माझी वायर दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा तिनं ती जोडली. त्याच्या कानांना लावता येईल अशी चिकटपट्टी तिच्या शिवणाच्या डब्यात नाही. तिनं शोधून पाहिली आहे.