बांधावरची पेटी

मले कोणी पुसलं की उत्तमराव, तुम्ही संस्थेत काय करता, तं मी सांगतो, आभाळातून पडलेल्या पेट्या हुडकतो. लोक हसतात. हसा बाप्पा. हैदराबादेहून फुगा सुटते, वारा नेईन तिकडे जाते, अन् त्याच्यामागं जीप हाकून कंबरडं मोडून घ्यायचं काम माह्या नशिबी आलं. चिखलीचा माणूस, वऱ्हाडी बोलते, म्हणून इकडची पेटी असली की मलेच धाडतात.

एकोणसत्तरच्या हिवाळ्यात, ज्यांची पेटी होती ते शास्त्रज्ञ साहेबही संगं होते. त्यांचं काम मले इतकंच कळलं होतं. दोन तारे एकमेकाभोवती फिरतात, त्यातला एक दिसतच नाही. पण त्या जोडीतून क्ष-किरण निघतात, दवाखान्यात छातीचा फोटो काढतात तेच. ते कमी-जास्त होतात का, अन् ठरल्या वेळानं होतात का, हे साहेबाले पाहायचं होतं. हवा त्या किरणाइले खाली येऊ देत नाही, म्हणून यंत्र फुग्याले बांधून वर पाठवायचं. या खेपेले आकडे खाली धाडणारा यंत्राचा रेडिओ वर जाता जाताच मुका झाला. आता सारी भिस्त पेटीतल्या फिल्मच्या दोन डब्याइवर होती, अन् पुढच्या फुग्याले वरच्यांनी साफ नाही म्हटलं होतं.

"हे गेलं तर माझं काम संपलं, उत्तमराव," साहेब जीपमध्ये म्हणाले. मी जीप आणखी जोरात हाकली.

पेटी सापडली धामणगाव बढ्याच्या पलीकडे, एका खेड्यात. पडली होती नेमकी बांधावर. इकडे उकंडरावचं वावर, तिकडे त्याच्या धाकट्या भावाचं, रंगरावचं. दोघं सख्खे भाऊ, पण कैक वर्षं एकमेकाशी बोलत नव्हते. पेटी दोघांची, असं गावच्या पंचानं, म्हाताऱ्या किसनरावानं ठरवलं. त्या निमित्तानं भाऊ पहिल्यांदा एका पारावर बसले.

आम्ही गेलो तं पारावर सारं मांडून ठेवलेलं. पेटी जिच्यावर खाली उतरते त्या छत्रीच्या कापडाचे दोन तुकडे, तारांचे दोन ढीग. अन् फिल्म? भर उन्हात उलगडून, हातानं मापून, मधोमध कापलेली. अर्धी उकंडरावच्या फडक्यात, अर्धी रंगरावच्या.

"पेटीवर मराठीत लिहिलं होतं ना, उघडू नका म्हणून?" माहं डोकं सटकलं.

"वाचलं ना," किसनराव शांतपणे म्हणाले. "पण उघडल्याबिगर वाटणी कशी करावी? दोघाइनं बेलभंडार उचलून शपथ घेतली, काही लपवलं नाही म्हणून. मंग कापलं. मापून पाहा, बोटभर फरक निघाला तं सांगा."

"ऊन लागलं की ही फिल्म मरते," मी म्हणालो. "वाटणीपायी वाटोळं केलं तुम्ही."

उकंडरावचं तोंड उतरलं. मलेच मंग कसंतरी झालं. इतक्या इमानदारीनं कोणी नुकसान केलेलं मी पाह्यलं नव्हतं.

साहेबानं विचारलं, "दुसरा डबा कुठंय? तारे माथ्यावर आले तेव्हाचं सगळं त्यात आहे."

"एकच निघाला," उकंडराव म्हणाला. "बेलभंडार उचलला आम्ही. खोटं काऊन सांगू?"

साहेब पाराच्या कडेले बसले. रागावले नाही, काही नाही. रिकामे हात मांडीवर ठेवून बसले.

रंगराव खाली पाहून राह्यला होता. "साहेब, त्याच्याबिगर नाहीच भागत?"

"नाही."

"परत पाहता नाही येत? तारे काही पळून नाही जाऊन राह्यले."

"तारे आहेत तिथंच आहेत. फुगा नाही."

रंगराव उठला अन् घरी गेला. आला तं हातात डबा. तुरीच्या भुशानं माखलेला.

"पेटीपाशी पहिला मीच पोचलो होतो," तो म्हणाला. "डबा चांदीचा वाटला. पण बेलभंडार उचलल्यावर मंग त्याले उघडायचा धीर झाला नाही. तुरीच्या कोठीत तसाच खुपसून ठेवला होता."

साहेबानं डबा फिरवून फिरवून पाह्यला. झाकणावरची पट्टी शाबूत होती. त्याइनं तो पोटाशी धरला, अन् त्यांचे डोळे भरले. मले हायसं वाटलं.

पण किसनरावानं मान फिरवली. उकंडराव सावकाश उठला, भावाच्या समोर जाऊन उभा राह्यला.

"रंग्या," तो म्हणाला, "बापाच्या वावराची वाटणी झाली, तवाही तू बेलभंडार उचलला होता."