एकदाच लिहिलेला शब्द

"वाक्य कर, मंग चहा."

बाबांचा हा आवाज माझ्या लहानपणचा, हिंदी मुलखातल्या रेल्वे क्वार्टरमधला. ते मालगाडीवर गार्ड होते. ड्युटीवरून आले की स्वयंपाकघरातल्या फळ्यावर खडूनं एक इंग्रजी शब्द लिहायचे. घरातल्या प्रत्येकानं त्याचं वाक्य केलं, की फळा पुसायचा. राकेशभैया मुद्दाम चुकायचा अन् बाबा हसायचे.

राकेशभैयाला घर सोडून तीन वर्षं झाली. कॉलेज अर्धवट सोडलं, बाबांशी भांडला, बॅग उचलली. पुढं क्वार्टर सोडून आम्ही तेलीबांधा भागातल्या फ्लॅटमध्ये आलो, फळाही आला. आई रोज त्याचा जुना, बंद नंबर लावते. दोन घास खाते, ताट सारते.

आज सकाळी बाबांनी लिहिलं, 'रिस्पेअर'.

"हे काय आता?" आईनं विचारलं.

"डिस्पेअर म्हणजे आस तुटणं. लॅटिनातल्या आशेच्या शब्दापासून निघाला. हा त्याचाच भाऊ. तुटलेली आस परत येणं. सहाशे वर्षांमागं कोणीतरी लिहिला, एकदाच. मंग कोणी वापरलाच नाही."

"म्हणजे एक भाऊ राह्यला, एक गेला?"

"हव."

"कामाचा होता तोच गेला. इंग्रजायची अक्कलच उलटी."

मी हसले. "बाबा, इसका वाक्य नहीं बनेगा."

"तुह्यानं नाही होत, पोट्टे. मह्यानं होते." आई चौथी शिकलेली. कणीक मळता मळता तिनं ओवीसारखं हळूच म्हटलं,

"लेक येईन दारात, धूळ पायाची झाडीन,
रिस्पेअर होईन मले, ताट दुसरं वाढीन."

कितीतरी दिवसांनी तिच्या गळ्यातून सूर निघाला होता. ती म्हणाली, "हा शब्द पुसू नका. तो येईस्तोर राहू द्या."

बाबांनी फडकं उचललं.

"काहून?" आईनं कणकेच्या हातानं त्यांचं मनगट धरलं. "मी म्हणून राहिली ना, काहून पुसता?"

बाबा फळ्याकडेच तोंड करून आईशी बोलले.

"माया, त्याचा फोन आलता. मागच्या पोळ्याले, नव्या नंबरवरून. बाबा, घरी येऊ का, म्हणे." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "मी राँग नंबर म्हणलं अन् ठेवून देल्ला. दोन दिवसांनी मीच तो नंबर लावला. तवापासून रोज लावतो. तोही बंद आहे."